परक्या भाषेचा उंबरठा
चिनी भाषक आणि इंग्रजीची परीक्षा

कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून दक्षिणेकडे जाणारी एक लोकल गाडी सुमारे पंचवीस किलोमीटरचा प्रवास करून बजबजला संपते. हुगळीच्या काठचे हे गाव तागाच्या गिरण्यांसाठी आणि तेलाच्या कोठारांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून नदीच्या काठाने थोडे खाली गेले की आचीपूर लागते. या लहानशा गावात नदीकडे तोंड केलेली, घोड्याच्या नालेच्या आकाराची एक लाल रंगाची समाधी आहे. ती टोंग आचू या चिनी गृहस्थाची. अठराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून त्याने येथे उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना काढला आणि त्यासाठी चिनी कामगार आणले. कोलकात्यातील चिनी समाज त्याला आपला आद्य पुरुष मानतो. गावाचे नावही त्याच्याच नावावरून पडले. चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्यातील चिनी कुटुंबे आजही येथे येतात, उदबत्त्या लावतात आणि नैवेद्य ठेवतात.

आचूला या भूमीवर पाऊल ठेवताना कोणी भाषेची परीक्षा घेतली नाही. त्याच समाजातील एखादा तरुण आज टोरांटोला जाऊन स्थायिक होऊ इच्छीत असेल, तर त्याला मात्र इंग्रजीच्या (किंवा फ्रेंचच्या) परीक्षेचे गुणपत्रक आधी सादर करावे लागते. त्यातील एखाद्या अर्ध्या गुणाच्या कमतरतेमुळे कुटुंबाचा सारा बेत लांबणीवर पडू शकतो. ही परीक्षा नेमके काय मोजते, चिनी भाषा बोलणाऱ्याला ती कोठे अडते आणि तिची तयारी डोळसपणे कशी करता येते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

भाषा आणि प्रवेशद्वार

देशाच्या दारावर भाषेचा पहारा बसविण्याची कल्पना तशी जुनी नाही. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये एक कायदा केला. त्यानुसार युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहिता न येणाऱ्याला प्रवेश नाकारता येत असे. गांधीजी त्या वेळी नाताळमध्येच होते. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, परंतु रोख हिंदी लोकांवर होता हे उघड होते. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये हीच युक्ती उचलली. तेथे अधिकारी युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवी आणि येणाऱ्याने तो लिहून घ्यावयाचा असे. भाषा कोणती हे अधिकारी ठरवी. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषी पत्रकाराला दूर ठेवावयाचे होते, म्हणून त्याची परीक्षा स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत घेण्यात आली. ही पद्धत १९५८ मध्ये रद्द झाली. या परीक्षेत भाषा मोजली जात नव्हती. माणूस नाकारण्यासाठी भाषेचे निमित्त शोधले जात होते.

कॅनडाने निराळी साधने वापरली. चिनी लोकांवर १८८५ मध्ये माणशी ५० डॉलरचा कर बसविण्यात आला, तो १९०३ मध्ये ५०० डॉलरवर नेण्यात आला आणि १९२३ पासून १९४७ पर्यंत तर त्यांचा प्रवेश जवळजवळ बंदच होता. हिंदी लोकांसाठी १९०८ मध्ये असा नियम करण्यात आला की, येणाऱ्याने मायदेशाहून कोठेही न थांबता थेट प्रवास करून आले पाहिजे. ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन मे १९१४ मध्ये व्हँकूव्हरला पोहोचले. त्यांतील बहुतेकांना याच नियमावर बोट ठेवून दोन महिन्यांनी परत पाठविण्यात आले. ते जहाज २९ सप्टेंबर १९१४ रोजी लागले ते बजबजला. तेथे झालेल्या गोळीबारात सुमारे वीस प्रवासी मरण पावले. त्यांच्या स्मारकाचे उद्घाटन १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि बजबजचे रेल्वे स्थानकही आता कोमागाता मारूचे नाव धारण करते.

याप्रमाणे एकाच नदीकाठावर दोन स्मृती शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक समाधी आत आलेल्या माणसाची आहे, तर दुसरे स्मारक परत लोटलेल्यांचे आहे. कॅनडाने १९६७ मध्ये गुणपद्धती स्वीकारली. तिच्यात वंशाऐवजी शिक्षण, वय, व्यवसाय आणि भाषा यांना गुण देण्यात आले. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील चिनी कुटुंबांवर कठीण दिवस आले होते. सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले होते. त्यानंतरच्या दशकांत कोलकात्यातील अनेक हाक्का कुटुंबे टोरांटोकडे वळली. टांग्रा येथील त्यांचे चामडे कमावण्याचे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला, तेव्हा तो ओघ आणखी वाढला. भाषेची परीक्षा त्यांच्या आयुष्यात शिरली ती अशी.

परीक्षेचे स्वरूप

परक्यांच्या इंग्रजीची पद्धतशीर परीक्षा केंब्रिज विद्यापीठाने १९१३ मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. अमेरिकेतील ‘टोफेल’ ही परीक्षा १९६४ पासून आणि ‘आयेल्ट्स’ ही १९८९ पासून घेतली जाते. कॅनडात स्थायिक होऊ इच्छिणारे भारतीय बहुधा यांपैकी दुसरी देतात, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ.

या परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. श्रवणात चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते. वाचनासाठी एक तासात चाळीस प्रश्न सोडवावयाचे असतात. लेखनालाही एक तास मिळतो व त्यात दोन कामे असतात. पहिले किमान १५० शब्दांचे व दुसरे किमान २५० शब्दांचे. संभाषण परीक्षकासमोर अकरा ते चौदा मिनिटे चालते. त्यात एक कार्ड हाती देतात, विचारासाठी एक मिनिट मिळते आणि मग दोन मिनिटांपर्यंत अखंड बोलावयाचे असते. गुण नऊच्या श्रेणीवर, अर्ध्याअर्ध्याच्या टप्प्याने दिले जातात.

यात उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण असा भेदच नसतो. किती गुण पुरेसे, हे ज्या देशाला अथवा विद्यापीठाला ते हवे असतील तो ठरवितो. उमेदवाराचे इंग्रजी आज कोणत्या पायरीवर आहे एवढेच परीक्षा सांगते. गुणपत्रक दोन वर्षांनंतर ग्राह्य धरले जात नाही, ते याच कारणाने.

कानाची अडचण

‘चिनी भाषा’ असे आपण सहज म्हणतो, परंतु ती एक भाषा नव्हे. बीजिंगची मँडरिन, कॅन्टनची कॅन्टनी आणि हाक्का यांचे भाषक एकमेकांचे बोलणे सहसा समजू शकत नाहीत. ‘हाक्का’ या शब्दाचा अर्थच ‘पाहुणी कुटुंबे’ असा आहे. कोलकात्यात चामड्याच्या व जोड्यांच्या धंद्यात हाक्का आणि सुतारकामात कॅन्टनी अशी जुनी वाटणी होती.

या सर्व भाषांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक अवयवाला ठरावीक सूर असतो आणि तो बदलला की शब्दच बदलतो. मँडरिनमध्ये ‘मा’ एका सुरात म्हटले तर आई, दुसऱ्यात तागाच्या जातीची वनस्पती, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात शिवी देणे. इंग्रजीत सुराने शब्द बदलत नाही. तेथे महत्त्व आहे ते आघाताला. ‘फोटोग्राफ’ या शब्दात पहिल्या अवयवावर जोर पडतो, तर ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर. उरलेले अवयव इतके पुसट होतात की ते नीट ऐकूही येत नाहीत. प्रत्येक अवयव स्वच्छ व समान उच्चारण्याची सवय असलेल्या चिनी भाषकाला हे गिळलेले अवयव ऐकूच येत नाहीत. मराठी माणसालाही हा अनुभव परका नाही.

दुसरी अडचण शब्दान्ती येणाऱ्या व्यंजनांची. मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी अनुनासिकांखेरीज व्यंजन जवळजवळ येतच नाही. हाक्का व कॅन्टनीमध्ये शेवटी प्, त्, क् येतात, पण ते मोकळे सोडले जात नाहीत. ओठ वा जीभ जागेवर जाते आणि आवाज तेथेच थांबतो. इंग्रजीने तर आपले पुष्कळसे व्याकरण याच शेवटच्या व्यंजनांत ठेवले आहे. ‘वॉक’, ‘वॉक्स’ आणि ‘वॉक्ट’ यांत वर्तमान, कर्त्याचे वचन आणि भूतकाळ हे सारे शेवटच्या एका ध्वनीवर अवलंबून आहे. तो ध्वनी गळाला की परीक्षकाला उच्चाराचा दोष न दिसता व्याकरणाचा दोष दिसतो. श्रवणाच्या भागात याची उलट बाजू दिसते. अनेकवचनाचा ‘स्’ ऐकू आला नाही म्हणून उमेदवार एकवचन लिहितो आणि तो गुण जातो.

आकड्यांचे गणितही येथेच बिघडते. इंग्रजी हजारहजारांनी मोजते, तर चिनी भाषा दहा हजारांच्या ‘वान’ने मोजते. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा वान आणि इंग्रजीचे एक मिलियन म्हणजे शंभर वान. ध्वनिमुद्रणात एखाद्या गावाची लोकसंख्या वेगाने सांगितली जाते तेव्हा मनातल्या मनात हा हिशेब होईपर्यंत पुढचे उत्तर निघून गेलेले असते. लाख-कोटींत वाढलेल्या आपणा सर्वांना ही धांदल ओळखीची आहे.

वाक्याची अडचण

चिनी क्रियापदाला प्रत्यय लागत नाहीत. ‘मी काल जाणे, मी उद्या जाणे’ अशी काहीशी रचना असते आणि काळ ‘काल’ व ‘उद्या’ या शब्दांवरून कळतो. ‘ल’ हा एक लहानसा शब्द मँडरिनमध्ये क्रिया पुरी झाल्याचे दाखवितो. विद्यार्थी त्याला भूतकाळाचा प्रत्यय समजतो आणि फसतो. ‘उद्या जेवण झाले की निघू’ या आपल्या वाक्यात ‘झाले’ हे रूप भूतकाळाचे असूनही गोष्ट उद्याची आहे. चिनी ‘ल’ नेमका असाच वापरला जातो. इंग्रजीत मात्र तेथे भूतकाळ चालत नाही.

‘अ’ आणि ‘द’ ही इंग्रजी उपपदे चिनीत नाहीत, मराठीतही नाहीत. म्हणून निश्चित-अनिश्चित हा भेद या भाषांना ठाऊकच नाही असे समजणे मात्र चूक ठरेल. मँडरिनमध्ये ‘पाहुणे आले’ असे म्हटले तर ज्यांची वाट पाहत होतो ते पाहुणे, आणि ‘आले पाहुणे’ असा क्रम केला तर कोणीतरी अनपेक्षित पाहुणे, असा अर्थ होतो. भेद तोच आहे. तो दाखविण्याची जागा तेवढी निराळी आहे. हे ज्याला समजले त्याला ‘द’ शिकणे म्हणजे केवळ नियम पाठ करणे राहत नाही.

‘तो’ आणि ‘ती’ यांची गल्लत ही चिनी भाषकांची सर्वांत ठळक चूक समजली जाते. बोलण्यात दोघांसाठी एकच शब्द असल्यामुळे वेगात बोलताना आईचा उल्लेखही ‘ही’ असा होतो. तसेच ‘जरी’ आणि ‘तरी’ यांची जोडी. मराठीप्रमाणे चिनीतही ती लागते. इंग्रजी मात्र दोहोंपैकी एकच घेते. म्हणून ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ आला की वाक्य चुकते.

कोलकात्यातील चिनी विद्यार्थ्याजवळ मात्र बीजिंगमधील विद्यार्थ्याला न मिळणारे एक साधन आहे. ते म्हणजे बंगाली. बंगालीत ‘एकटा बोई’ म्हणजे कोणतेतरी एक पुस्तक आणि ‘बोईटा’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक. इंग्रजी उपपदांचा भेद त्याच्या जिभेवर लहानपणापासून आहे. फक्त त्याने त्याकडे कधी पाहिलेले नसते. इंग्रजी लिहिताना ‘येथे बंगालीत मी टा कोठे लावीन?’ असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला तर पुष्कळ वाक्ये सुधारतील. उलट ‘तो-ती’च्या बाबतीत बंगाली त्याला मदत करीत नाही, कारण बंगालीतही दोघांना ‘शे’ असाच शब्द आहे. तेथे त्याला हिंदी उपयोगी पडते, ती सर्वनामामुळे नव्हे, तर ‘आया’ आणि ‘आयी’ यांतील भेदामुळे. तेथे बोलणारी जीभ लिंगाचा विचार केल्यावाचून पुढे सरकत नाही.

तयारी कशी करावी

चीनमध्ये राजसेवेच्या परीक्षांची परंपरा तेराशे वर्षांची होती. ती १९०५ मध्ये बंद झाली. अभिजात ग्रंथ मुखोद्गत करणे हा त्या परीक्षांचा पाया होता. पाठांतराविषयीचा आदर या संस्कृतीत खोल रुजलेला आहे आणि आपल्या परंपरेलाही तो अपरिचित नाही. पाठांतर वाईट नव्हे. भाषा शिकताना उत्तम वाक्ये तोंडी असणे लाभदायकच असते. परंतु संपूर्ण निबंध व उत्तरे पाठ करून परीक्षेला जाणे, किंवा आधीच्या उमेदवारांनी आठवून लिहिलेल्या प्रश्नांच्या वह्यांवर विसंबणे, यातून फारसे काही साधत नाही. परीक्षक अनुभवी असतो. पाठ केलेला मजकूर ओघाने चालतो आणि त्याच्या प्रश्नापाशी येताच अडखळतो, हे त्याला तत्काळ कळते. शिवाय प्रश्नाचा रोख थोडा बदलला की तयार निबंध विषयाला सोडून जातो.

त्यापेक्षा आपल्या चुकांची वही ठेवणे अधिक हिताचे. आठवडाभर लिहिलेले सर्व इंग्रजी तपासून घ्यावे आणि प्रत्येक चुकीपुढे ती आपल्या भाषेच्या कोणत्या सवयीतून आली ते लिहावे. पंधरा दिवसांतच असे दिसेल की चुका शेकडो असल्या तरी त्यांची मुळे पाच-सहाच आहेत : शेवटचे व्यंजन, काळ, उपपद, अनेकवचन, ‘तो-ती’ आणि जोडशब्द. मग लिहून झाल्यावर सगळे एकदम न तपासता एका वाचनात फक्त क्रियापदे, दुसऱ्या वाचनात फक्त नामे पाहावीत. परीक्षेतही शेवटची पाच मिनिटे यासाठीच राखून ठेवावीत.

श्रवणासाठी रोज दोन-तीन मिनिटांचा मजकूर घ्यावा. पहिल्यांदा अर्थासाठी ऐकावा, दुसऱ्यांदा शब्दशः लिहून काढावा आणि मग मूळ मजकुराशी ताडून पाहावा. जे शब्द सुटले ते बहुधा अवघड नसतातच. ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘द’ असे पुसट उच्चारले जाणारे लहान शब्दच सुटलेले असतात. आकडे, दिनांक आणि अक्षराअक्षराने सांगितलेली नावे लिहिण्याचा सराव निराळा करावा.

लेखनात पहिल्या कामाला वीस व दुसऱ्याला चाळीस मिनिटे द्यावीत, कारण दुसऱ्याचे वजन अधिक आहे. चिनी शाळांत निबंधाचे चार टप्पे शिकवितात : आरंभ, विस्तार, वळण आणि समारोप. त्यातील सौंदर्य वळणात असते. या परीक्षेत मात्र आपले मत आरंभीच स्पष्टपणे मांडावे आणि प्रत्येक परिच्छेदाने त्यातील एकेक मुद्दा सिद्ध करावा, अशी अपेक्षा असते. एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे नाही. यजमानाच्या घरी त्याच्या रीतीने पंगतीला बसावे, इतकाच याचा अर्थ.

संभाषणाची भीती सर्वांत मोठी असते. येथे परीक्षकाला उमेदवाराची मते जोखावयाची नसतात. विचारलेल्या विषयावर तो ओघाने, समजेल असे बोलू शकतो काय, एवढेच पाहिले जाते. उच्चारात चिनी छटा असली तरी चालते. शब्द कळला नाही तर प्रश्न पुन्हा विचारण्याची विनंती करावी, त्यात कमीपणा नाही. घरातील कोणा मोठ्या माणसाची जुनी हकीकत दोन मिनिटे इंग्रजीत सांगण्याचा रोजचा सराव करावा. तिच्यात भूतकाळ, ‘तो-ती’ आणि नातेसंबंध हे सारे आपोआप येते. काका, मामा, थोरला भाऊ, धाकटा भाऊ यांना चिनीत वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीत ते कसे उलगडून सांगावयाचे, हेही त्यातच समजते.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ऑस्ट्रेलियातील त्या जुन्या पन्नास शब्दांच्या उताऱ्याची तयारी करणे कोणालाच शक्य नव्हते, कारण ती परीक्षा भाषेची नव्हतीच. आजच्या परीक्षेचे नियम आधी जाहीर असतात, सर्वांना तेच असतात आणि ती पुन्हा देता येते. म्हणूनच तिची तयारी करण्याला अर्थ आहे. तिचे शुल्क भारी आहे आणि वयाने मोठ्या, शाळेत फार न गेलेल्या माणसांवर तिचा भार अधिक पडतो, हेही तितकेच खरे. टांग्र्यातील एखादी आजी हाक्का, बंगाली आणि हिंदी अशा तीन भाषांत व्यवहार करते. या परीक्षेच्या गुणपत्रकावर त्यांपैकी एकीचीही नोंद होत नाही.

पण परीक्षा ज्यांची नोंद घेत नाही, त्याच भाषा तयारीत उपयोगी पडतात, हे आपण वर पाहिले. आपल्या भाषेला अडसर समजून दूर सारणाऱ्यापेक्षा ती नेमकी कशी चालते हे जाणणारा विद्यार्थी इंग्रजी अधिक लवकर शिकतो. आचीपूरच्या समाधीपुढे उदबत्ती लावून परीक्षेला निघालेल्या तरुणाने आपली हाक्का घरी ठेवून जाण्याचे कारण नाही. ती बरोबर असली तर आपण कोठे चुकणार, हे त्याला आधीच ठाऊक असेल.